इंग्रजी शब्द, अर्थासकट

ठाण्याच्या कोपरीत, स्टेशनच्या बाहेर भाजीवाल्यांची रांग संपली की डाव्या हाताच्या गल्लीत नंदा शेलारचं झेरॉक्सचं दुकान आहे. एक मोठं मशीन, एक लॅमिनेशनचं, भोकं पाडून स्पायरल घालायचं एक, आणि नंदाला बसायला स्टूल. नवरा सुदेश लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत, त्याची ड्युटी माजिवड्याकडच्या टॉवरांमध्ये. दुकान नंदाचं. चौदा वर्षं ती एकटी चालवतेय.

चौदा वर्षांत तिच्या हाताखालून इंग्रजीचे लाखभर कागद तरी गेले असतील. कोर्टाचे, कॉलेजचे, दवाखान्याचे, बिल्डरांचे. तिने त्यातला एकही वाचला नव्हता. कागद सरळ बसलाय का, कडेला काळी पट्टी येतेय का, पानांचा क्रम चुकलाय का, एवढंच ती बघायची. इंग्रजीत ती दहावीला दोनदा नापास झालेली. पाटण तालुक्यातल्या गावात तिसऱ्यांदा फॉर्म भरायच्या आधीच लग्न ठरलं आणि तो विषय तिथेच मिटला. गिऱ्हाइकाने विचारलं, "ताई, हे काय लिहिलंय बघा हो," तर ती म्हणायची, "चष्मा नाही आणला." चष्मा तिला लागतच नव्हता.

एका दुपारी हरिहर गुप्ते नावाचे गृहस्थ आले. वय सत्तरीच्या पुढे, नौपाड्यात राहणारे, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. बासष्ट पानांचा गठ्ठा त्यांनी काउंटरवर ठेवला.

"पंधरा प्रती हव्यात. पाठपोट. आणि स्पायरल. परवा दिल्यात तरी चालेल."

सोळाव्या पानापर्यंत काम नीट चाललं. सतराव्या पानाला टोनर फिका आला म्हणून नंदाने कागद उचलून उजेडात धरला, आणि तिची नजर अडकली. शाळेतल्या इंग्रजीतलं जे काही तिच्या डोक्यात उरलं होतं, त्यात एक गोष्ट पक्की होती. क्यूच्या पाठोपाठ यू येतोच. बाईंनी छडी आपटून शिकवलेलं. आणि इथे तर पानभर क्यूचे शब्द होते आणि एकातही यू नव्हता. तिला वाटलं, टायपिंग करणाऱ्याने घोळ घातलाय. पंधरा प्रती चुकीच्या निघाल्या तर बोल तिलाच लागणार. तिने मशीन थांबवलं आणि पुढची पानंही एकेक करून बघायला घेतली.

हरिहर आले तेव्हा प्रती तयार नव्हत्या.

"सर, आधी हे बघा. या पानावर क्यूच्या पुढे यू राहिलाय सगळीकडे."

हरिहर मोठ्याने हसले. "राहिला नाहीये. मुद्दामच ती यादी आहे. यू नसलेले क्यूचे शब्द. स्क्रॅबल माहितीये का? अक्षरांच्या सोंगट्या असतात, त्या पटावर लावून शब्द करायचे. क्यूची सोंगटी हातात आली आणि यू नसला की माणूस अडकतो. तेव्हा हे शब्द कामाला येतात."

"बरं," नंदा म्हणाली. "मग ते जाऊ दे. पण हा शब्द इथे असा आहे, आणि चाळिसाव्या पानावर तसा आहे. शेवटची दोन अक्षरं उलटी झालीत. पुढची अर्थाची ओळ मात्र दोन्हीकडे सेम टू सेम आहे."

हरिहरांनी खिशातून चष्मा काढला. चाळिसाव्या पानावर क्यू-ए-एन-ए-टी होतं, ते बरोबर; सतराव्यावर क्यू-ए-एन-टी-ए, ते चूक. ही यादी त्यांनी स्वतः टाइप केलेली, तीनदा तपासलेली.

"तुम्ही वाचलंत सगळं?"

"वाचलं नाही. आकार बघितला."

 हरिहरांनी बोट खाली सरकवलं. "हा वाचा बरं. अक्षर अक्षर करून."

"क्यू, ए, डब्ल्यू, डब्ल्यू..." नंदा थांबली. "क...वा...ली. कव्वाली? ही कशी इंग्रजी?"

"आहे. त्यांच्या शब्दकोशात आहे. डाळ आहे, रोटी आहे, पुरी आहे. पैसा, तोळा, घेराव, हरताळ, सगळं आहे."

"मग मला बरंच इंग्रजी येतं की!" नंदा म्हणाली आणि आपणच हसली.

"दर शनिवारी चार वाजता आमचे दहा-बाराजण जमतात, नौपाड्यात, वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये. या एकदा," हरिहर म्हणाले. असं ते बऱ्याच जणांना म्हणत. येत कुणीच नसे.

नंदा गेली. शनिवारी दुपारी गल्ली तशीही सुस्तावलेली असते. दुकानाला कुलूप लावून ती पूल ओलांडून पलीकडे गेली, चपला हॉलच्या दाराशी काढल्या आणि भिंतीलगत उभी राहिली. हरिहरांनी तिला क्षिप्रा नावाच्या मुलीसमोर बसवलं. मुलगी म्हणजे तिशीची, मोठ्या कंपनीत नोकरीला, बोलायला गोड. क्षिप्राने नियम नीट समजावून सांगितले. डाव संपला तेव्हा क्षिप्राचे चारशे दोन झाले होते, नंदाचे अठ्ठ्याऐंशी. नंदाने लावलेला सगळ्यात मोठा शब्द होता टेबल, आणि तोही क्षिप्राने डोळ्यांनी खुणावल्यावर.

सोंगट्या पिशवीत भरताना क्षिप्रा म्हणाली, "ताई, वाईट नका वाटून घेऊ हां, पण तुम्ही मराठी शब्दकोडी का नाही सोडवत? पेपरात येतात ना, खूप छान असतात."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, आणि तेच नंदाला जास्त लागलं. "सोडवते की, रोज," ती म्हणाली. "पुढच्या शनिवारी पुन्हा तुमच्यासमोरच बसेन, चालेल ना?"

घरी आल्यावर तिने सुदेशला सांगितलं. तो जेवत होता. "कशाला पण हे?" तो म्हणाला. "आपल्याला काय तिथे कोण विचारणारे? पाय दुखतात म्हणून रोज ओरडतेस, शनिवारी दुपारी झोप काढ की."

"मला एकदा तरी त्या पोरीला हरवायचंय," नंदा म्हणाली. भाजी वाढून तिने विषय संपवला.

कामाला तिने सुरुवात केली ती झेरॉक्सवाल्याच्या पद्धतीने. बिघडलेले, एका बाजूने कोरे कागद दुकानात ढिगाने पडलेले असतात. कटरने त्यांच्या पट्ट्या कापल्या. एका बाजूला शब्दाची अक्षरं ए-बी-सी-डीच्या क्रमाने विस्कटून लिहायची, दुसऱ्या बाजूला खरा शब्द. दोन अक्षरांचे शब्द सगळ्यात आधी. ते आले तर पटावर कुठेही शिरता येतं, असं हरिहरांनी सांगितलेलं. गिऱ्हाईक नसलं की पट्टी उचलायची, अक्षरं बघायची, शब्द आठवायचा, उलटून बघायचं. चुकलेल्या पट्ट्या डाव्या डब्यात, आलेल्या उजव्या.

तीन आठवडे झाले, दोन अक्षरांचे सव्वाशे शब्द तिला तोंडपाठ झाले. पण तीन अक्षरांचे हजारावर होते. सकाळी उजव्या डब्यात टाकलेली पट्टी संध्याकाळी पुन्हा कोरी वाटायची. हरिहरांच्या यादीत बऱ्याच शब्दांपुढे अर्थ होते, पण तेही इंग्रजीत, आणि ते कळायला आणखी इंग्रजी यायला हवं.

"अर्थाच्या मागे लागूच नका," हरिहर म्हणाले. "या खेळाला अर्थ लागत नाही. इंग्रजीत धड चार वाक्यं न बोलणारे लोक जगात हा खेळ उत्तम खेळतात. अक्षरांचा क्रम पाठ करा, झालं."

"नाही राहत सर डोक्यात. नुसती अक्षरं म्हणजे गाडीचे नंबर झाले. मला कळायला पाहिजे ती काय चीज आहे."

मग तिने गिऱ्हाइकांना धरलं. आधी तिला लाज वाटली. चौदा वर्षं चष्मा नसल्याचं सांगणारी बाई आता विचारत होती, "दादा, याला काय म्हणतात हो?" पण लोक सांगायचे. बघता बघता सगळ्यांना त्याची सवय झाली. वकिलाकडचा कारकून आला की कोर्टातले शब्द त्याच्या पुढ्यात. रक्ताचे रिपोर्ट झेरॉक्सला आणणारी नर्स शरीरातले शब्द सांगायची, कधी स्वतःचा हात धरून दाखवायची, हे हाड ते. समोरचा सुतार साईनाथ दहावीपर्यंतसुद्धा शिकलेला नव्हता. त्याला तिने मोबाईलवर चित्र काढून दाखवलं. ए-डी-झेड-ई.

"वहिनी, हा तर वाकस!" साईनाथ म्हणाला आणि आत जाऊन आपला वाकस घेऊनच आला. "बापाचा आहे. आता कोण वापरतं, सगळं मशीनवर."

नंदाने वाकस हातात धरून बघितला, त्याचं आडवं पातं, घासून गुळगुळीत झालेला दांडा. पट्टीवर तिने लिहिलं, वाकस. पुढे कंसात, याने तासतात, म्हणजे क्रियाही होते. कारण यादीत त्या शब्दाला शेपट्या लागत होत्या, ईडीची आणि आयएनजीची. तशीच पट्टी चांभाराच्या आरीची झाली, ए-डब्ल्यू-एल. यादीत त्याला एसशिवाय शेपटी नव्हती. तिने लिहिलं, आरी, फक्त वस्तू. आरीने भोक पाडतात, पण इंग्रजीत आरीला क्रिया नाही. हे असं का, ते साईनाथला सांगता येईना, आणि हरिहरांनाही.

असं केल्यावर शब्द राहायला लागले.

पावसाळा सरता सरता एका शनिवारी नंदा पुन्हा क्षिप्रासमोर बसलेली असताना क्षिप्राने पटाच्या कोपऱ्यात आर-ई-टी लावलं. ही पट्टी नंदाच्या डाव्या डब्यात पडलेली होती. कुणीच अर्थ सांगू शकलं नव्हतं.

"याचा अर्थ काय हो?" तिने विचारलं.

क्षिप्राने खांदे उडवले. "काय माहीत. मी कॉलेजपासून लावतेय हा. असतो शब्द."

शेजारच्या टेबलावर विचारलं, त्यांनाही माहीत नव्हतं. शेवटी हरिहरांनी कपाटातून जाडजूड शब्दकोश काढला आणि उभ्या उभ्या मराठी करत वाचलं. "ताग, अंबाडी वगैरे झाडांच्या काड्या पाण्यात बुडवून ठेवणं, ज्यायोगे..."

"कुजवायच्या," नंदा म्हणाली. "म्हणजे साल सुटते. वाख निघतो."

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"आमचा बाप दोर वळायचा," नंदा म्हणाली. "अंबाडीच्या पेंढ्या ओढ्यात बुडवायच्या, वर दगड ठेवायचे. दहा-बारा दिवस. वास असा सुटतो की ओढ्याकडे माणूस जात नाही. मग कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून काडी मोडायची आणि साल ओढायची, अखंड आली पाहिजे. मी केलंय ना हे, सातवी-आठवीत असताना. हात आठ-आठ दिवस घाण मारायचे, पोरी शेजारी बसायच्या नाहीत वर्गात." ती पटाकडे बघत होती. "त्याला इंग्रजीत शब्द आहे हे मला माहीत नव्हतं. तीनच अक्षरांचा."

 क्षिप्राने आपल्या मोबाईलवर काहीतरी टिपून घेतलं. "वाख म्हणालात ना?"

"वाख."

त्या रात्री नंदाने हरिहरांची यादी वेगळ्या डोळ्यांनी चाळली. आपल्याला न येणारे शब्द शोधायच्याऐवजी ती आपल्याला माहीत असलेल्या वस्तू शोधत होती, आणि अर्थाच्या ओळींतले गवत, चाक, शेत असले शब्द आता तिला कळत असल्याने त्या भराभर सापडायला लागल्या. टी-ई-डी, कापलेलं गवत पसरून वाळवणं. आर-आय-सी-के, वैरणीची गंजी. एन-ए-व्ही-ई, गाडीच्या चाकाचा तुंबा. एस-टी-ओ-ओ-के, शेतात पेंढ्या उभ्या करून रचतात ते बुचाड. इंग्रजांच्या गावातही आपल्यासारखंच सगळं होतं म्हणायचं, तिला वाटलं. त्यांनीही गवत वाळवलं, चाकं घडवली, पेंढ्या रचल्या. शाळेतल्या पुस्तकात मात्र असलं काहीच नव्हतं. तिथे राणी होती, छत्री होती आणि हत्ती होता.

पुढच्या महिन्यात तिने क्षिप्राला नऊ गुणांनी हरवलं. क्षिप्राने उठून सगळ्या हॉलला ओरडून सांगितलं. नंदाने मात्र डाव लिहिलेला कागद मागितला आणि आपण कुठे चुकलो ते पेन्सिलीने खुणा करून घेतलं.

डिसेंबरात डोंबिवलीला स्पर्धा होती, ठाणे ते कल्याणपर्यंतच्या मंडळांसाठी. दिवसभरात सहा डाव. नवख्यांच्या गटात चोवीस खेळाडू. हरिहरांनी तिचं नाव परस्पर दिलं नाही, तिला विचारलं.

"जाणार," नंदा म्हणाली. "पण रविवार आहे. परीक्षांचे दिवस, दुकानात गर्दी असते."

"दुकान मी बघतो," सुदेश पलीकडून म्हणाला. तो मशीनचा मागचा दरवाजा उघडून रोलर पुसत होता. गेले दोन महिने रोज सकाळी निघायच्या आधी पट्ट्या हातात धरून तोच तिची परीक्षा घेत असे. त्याला त्यातलं काही येत नव्हतं, पण चूक मात्र बरोबर पकडायचा. "स्पायरल मला घालता येत नाही, तेवढं उद्या या म्हणून सांगतो."

डोंबिवलीच्या शाळेचा हॉल मोठा होता. प्रत्येक टेबलावर पट आणि वेळ मोजायचं घड्याळ. समोरच्या भिंतीशी एका टेबलावर लॅपटॉप. समोरच्याने लावलेला शब्द खोटा वाटला तर घड्याळ थांबवून चॅलेंज म्हणायचं. दोघांनी उठून लॅपटॉपपाशी जायचं, शब्द टाइप करायचा. पडदा लाल झाला तर शब्द उचलावा लागतो आणि लावणाऱ्याची पाळी जाते. हिरवा झाला तर चॅलेंज करणाऱ्याची पाळी जाते.

पहिला डाव नंदा जिंकली. दुसरा हरली. तिसऱ्यात एक वयस्कर गृहस्थ होते, आणि सामना अगदी बरोबरीत असताना त्यांनी ई-यू-ओ-आय लावलं. चार अक्षरं, चारही स्वर. नंदाला वाटलं, हा कसला शब्द? तिने घड्याळ थांबवलं. पडदा हिरवा झाला. गृहस्थ म्हणाले, "जुना शब्द आहे, देवाच्या उत्सवात लोक बेभान होऊन ओरडायचे म्हणे." पाळी गेली, आणि तिथून डावही गेला.

ती पाणी प्यायला बाहेर गेली. हरिहर तिथे वडापाव खात उभे होते. "आता चॅलेंज नाही करायचं मी," ती म्हणाली. "ते लोक कॉलेज शिकलेले. ते लावतात म्हणजे असणारच."

"असणारच असं काही नसतं हो," हरिहर म्हणाले. पण घंटा झाली आणि ती आत गेली.

चौथा डाव ती जिंकली. पाचवाही. शेवटच्या डावाला तिच्यासमोर सलिल नावाचा तरुण आला. बँकेत अधिकारी, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या. कल्याणच्या एका ओळखीच्या खेळाडूशी तो जाता जाता झरझर इंग्रजीत बोलला आणि बसताना नंदाला म्हणाला, "काकू, पहिलीच टूर्नामेंट का?" त्याने प्रत्येक शब्द असा लावला की जणू उत्तर त्याला आधीच ठाऊक होतं. सोंगट्या टक् टक् करत ठेवायच्या, गुण मोठ्याने सांगायचे, घड्याळावर थाप.

तरी नंदा मागे पडली नाही. डाव संपत आला तेव्हा तिचे दोनशे शहाण्णव होते, त्याचे दोनशे ब्याऐंशी. उजवीकडच्या बाजूला तिने आधीच आरी लावून ठेवली होती, ए-डब्ल्यू-एल. आणि आता तिच्या हातातल्या सोंगट्यांत एस, टी, ओ, ओ, के आले होते. आरीला एस जोडायचा आणि त्याच एसपासून खाली बुचाड उतरवायचं. जागा मोकळी होती. फक्त सलिलची पाळी निघून जायला हवी होती.

सलिलने तिच्या आरीलाच पुढे ई आणि डी लावले. डी जाऊन बसला तो कडेच्या लाल घरावर, जिथे शब्दाचे गुण तिप्पट होतात.

"ऑल्ड. ट्वेंटी सेव्हन," तो म्हणाला आणि घड्याळावर थाप मारली.

नंदाचं घड्याळ चालू झालं. तो तेरा गुणांनी पुढे गेला होता, आणि तिची जागाही गेली होती. बुचाड हातात तसंच राहिलं.

तिने आरीची पट्टी डोळ्यांसमोर आणली. बिलाच्या कागदाची होती, मागून निळ्या रेघांची. त्यावर तिच्याच अक्षरात होतं, आरी, फक्त वस्तू. ते तिला दिसत होतं. पण सकाळचा हिरवा पडदाही दिसत होता. आणि समोर एक मुलगा बसला होता, जो इंग्रजीतच लहानाचा मोठा झाला होता, ज्याला हे शब्द पट्ट्या कापून शिकावे लागले नव्हते. त्याने लावलेल्या इंग्रजी शब्दाला ती खोटं म्हणणार होती. आजवर तिने कुठल्याही इंग्रजी कागदाला खोटं म्हटलं नव्हतं. दवाखान्यातल्या नाही, बँकेतल्या नाही. जिथे बोट ठेवतील तिथे सही केली होती.

पाळी गेली तर डाव गेलाच. घड्याळात तिची दोन मिनिटं उरली होती. सलिल पिशवीत हात घालून नव्या सोंगट्या काढायला लागला.

"थांबा," नंदा म्हणाली. आवाज जरा चढलाच. शेजारच्या टेबलावरचे दोघे वळले. तिने घड्याळाचं बटण दाबून ते थांबवलं. "चॅलेंज."

"हे?" सलिलने बोट दाखवलं. "शुअर ना काकू? तुमची टर्न जाईल."

"माहितीये मला. चला."

दोघं लॅपटॉपपाशी गेली. सलिल टाइप करायला पुढे झाला, तेवढ्यात नंदाने म्हटलं, "मी करते." एका बोटाने तिने पाच अक्षरं शोधून दाबली, ए, डब्ल्यू, एल, ई, डी. पुन्हा एकदा स्पेलिंग तपासलं आणि मग मोठं बटण दाबलं.

पडदा लाल झाला.

  टेबलावर परत आल्यावर सलिलने आपल्या दोन सोंगट्या उचलल्या. बाकीचा डाव तिला फारसा आठवत नाही, पण कागदावर तो लिहिलेला आहे. आरीला एस, एसखाली बुचाड, अठरा गुण. सलिल त्या शब्दाकडे बराच वेळ बघत राहिला.

"हा तरी आहे का?" त्याने विचारलं. त्याच्या आवाजात मघाचा ठामपणा राहिला नव्हता.

"तुम्ही ठरवा," नंदा म्हणाली.

त्याने चॅलेंज केलं नाही. डाव तीनशे बावन्न, तीनशे एकतीस असा संपला. सलिलने हात पुढे केला आणि मग विचारलं, "पण याचा अर्थ काय?"

"ज्वारी कापली की पेंढ्या एकमेकींना टेकवून उभ्या करतात. बुचाड. आमच्याकडे पूर्वी शेतोशेत असायची."

"माझ्या आजोबांची शेती होती जुन्नरला," सलिल म्हणाला. "मी कधी बघितलं नाही हे." आणि तो खरोखरच थोडा ओशाळल्यासारखा दिसला.

सहापैकी चार डाव जिंकून नंदा चोविसात पाचवी आली. चषक पहिल्या तिघांना होते. तिला मिळाला तो सहभागाचा कागद, आणि तो कुठल्या तरी भलत्या मशीनवर काढलेला, कडेला काळी पट्टी आलेला. दुकानात आल्यावर तिने तो सुदेशला दाखवला आणि पहिली तक्रार त्या पट्टीची केली.

आठवड्याने हरिहर दुकानात आले. नव्या वर्षासाठी यादी पुन्हा छापायची होती. "माझं एक म्हणणं आहे," ते म्हणाले. "यात तुमचे मराठी अर्थ घालू या. माझ्या नातीलाही उपयोग होईल. तुमचे ते डबे द्या मला, मी टाइप करून घेतो."

"डबे नाही देणार," नंदा म्हणाली. "त्यातले शंभरेक अर्थ अजून पक्के नाहीत. मी स्वतः तपासणार, मग देणार. ज्याचा अर्थ मला लागला नाही ती जागा कोरी ठेवायची. अंदाजाने काही लिहायचं नाही."

"आणि मी म्हणत होतो अर्थ लागत नाही," हरिहर म्हणाले.

"तुम्हाला लागत नाही सर. मला लागतो."

ते काम तिला चार महिने पुरलं. त्यासाठी ती एकदा टिटवाळ्याला मावसभावाकडे जाऊन आली, त्याच्या सासऱ्यांना बैलगाडीचे सगळे भाग तोंडपाठ होते म्हणून. नर्सने तिच्या डॉक्टरांकडून सतरा शब्द तपासून आणले. वकिलाच्या कारकुनाशी एका शब्दावरून तिचं कडाक्याचं भांडण झालं, आणि कारकूनच चुकीचा निघाला. यादी छापली तेव्हा त्यात तीन अक्षरांच्या शब्दांपुढे एकशे एकोणीस जागा कोऱ्या होत्या.

यादीचं हे काम चालू असतानाच, फेब्रुवारीत, ठाण्याची स्पर्धा जाहीर झाली होती. नावं घेणाऱ्याने तिला विचारलं, "नवखा गटच ना?"

"नाही, वरचा."

हरिहर मागे उभे होते. त्यांनी खाली वाकून हळूच म्हटलं, "नंदाताई, एक वर्ष थांबलात तर? तिथे फार तयारीचे लोक असतात. आठही डाव हराल."

"हरू दे," नंदा म्हणाली. "खालच्या गटात आता मला कोणी नवीन शब्द दाखवत नाही."

वरच्या गटात ती आठपैकी सहा डाव हरली, त्यातले दोन अगदी वाईट हरली. दोन मात्र जिंकली. परतताना रिक्षात तिने हरलेल्या डावांचे कागद मांडीवर पसरले आणि न येणाऱ्या शब्दांखाली रेघा मारल्या. एकतीस निघाले. दुसऱ्या दिवशी सकाळी शटर वर करून, मशीन तापेपर्यंतच्या वेळात, ती कटरने पट्ट्या कापायला बसली.